स्वावलंबनाची मिरवणूक

योकोहामाला राहणाऱ्या माझ्या नणंदेचा पहिलीतला मुलगा पिवळी टोपी घालून शेजारच्या मुलांसोबत शाळेत चालत जातो आणि तेथे वर्गही मुलेच झाडतात, हे कळल्यापासून आमच्या कोथरूडच्या घरातील वातावरण बिघडले. चिमुरड्यांना प्रथमच एकटे बाजारात धाडून त्यांची तारांबळ टिपणारा कार्यक्रम जपानी दूरचित्रवाणीवर १९९१ पासून दाखवतात, अशी भरही तिने घातली. डेन्मार्कमध्ये तर तान्ह्या बाळांना बाबागाडीत घालून कॅफेबाहेर खुशाल झोपवतात; हीच सवय न्यूयॉर्कमध्ये पाळणाऱ्या एका डॅनिश आईला १९९७ साली अटक झाली होती. त्या मानाने आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी गल्लीच्या टोकावरून दही आणावे, ही अपेक्षा मला अगदीच माफक वाटली.

सासूबाईंना ती तशी वाटली नाही. सहाव्या वर्षी आपण सदाशिव पेठेत एकटीने दळण आणत होतो, हे त्या दर दिवाळीला भाजणीच्या निमित्ताने ऐकवतात. पण "तेव्हा सायकली होत्या गं, आता माणसं उलट्या बाजूने येतात," हा त्यांचा मुद्दा मला खोडता येईना. उलट्या बाजूने येणाऱ्याला समोरून कोणी सरळ आला की तो पदपथावर चढतो आणि वर आपल्यालाच हॉर्न देतो. जपानी मुलांच्या स्वावलंबनात निम्मा वाटा तिथल्या वाहनचालकांचा असावा, असे माझे मत झाले आहे.

तरीही चिरंजीव पिशवी आणि पन्नासाची नोट घेऊन निघाले. फाटकाशी रखवालदारकाकांनी "आई कुठंय?" असे विचारून त्यांना थोपवले आणि उत्तर न पटल्याने ते स्वतःच सोबत गेले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी, त्याला जन्मापासून ओळखत असूनही, "हा कोणाचा मुलगा एकटा फिरतोय?" असा संदेश छायाचित्रासह सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि चपला घालून त्याही मागोमाग निघाल्या. सासूबाई गॅलरीतून "डावीकडून चाल रे!" असे ओरडल्या, तेव्हा एक अनोळखी दुचाकीस्वार निमूटपणे डावीकडे वळला.

दुकानदारांचा मला फोन आला: "वहिनी, लेकराला कशाला पिटाळलंत? पोऱ्याबरोबर पाठवलं असतं की!"

परतताना दही रखवालदारकाकांच्या हातात होते, सुटे पैसे काकूंच्या मुठीत आणि चिरंजीवांकडे दुकानदारांनी कौतुकाने दिलेले चॉकलेट. "मी एकट्याने आणलं!" अशी घोषणा त्यांनी जिन्यातूनच केली. सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली, योकोहामाला व्हिडिओ कॉल लावला आणि दही आंबट निघाल्याबद्दल मला बोल लावला.