खुलासा : ‘फ्लाइंग बुलेट्स’ मोडीत निघालेली नाही
‘मिग-२७ गेले, १८ स्क्वाड्रन कायमची मोडीत निघाली, मग माजी वायुसैनिकांचे मेळावे आता कशाला?’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. ही १८ स्क्वाड्रन म्हणजे भारतीय हवाई दलाची ‘फ्लाइंग बुलेट्स’ ही लढाऊ विमानांची तुकडी, आणि मिग-२७ ही तिची जुनी विमानं. माहिती अर्धवट आहे. १५ एप्रिल २०१६ रोजी ती ‘नंबर प्लेट’ झाली हे खरं, पण त्याचा अर्थ विसर्जन नव्हे. विमानं जातात, क्रमांक आणि परंपरा पुढच्या विमानांसाठी राखून ठेवतात. (‘नंबर प्लेट’ म्हटल्यावर स्कूटर आठवते, हा दोष शब्दाचा!) १ एप्रिल २०२० रोजी तमिळनाडूत सुलूरला तीच स्क्वाड्रन तेजस ही लढाऊ विमानं घेऊन पुन्हा उभी राहिली. १९७१ मध्ये श्रीनगरचं रक्षण करताना धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते निर्मलजितसिंग सेखों याच स्क्वाड्रनचे. तेव्हा मेळावे बंद करायचं हे कारण तरी खरं नाही.