‘पॉझिटिव्ह राहा’ने साथीतला मानसिक त्रास जात नाही

साथ आली की एक गट म्हणतो, सगळं जग डिप्रेशनमध्ये गेलंय. दुसरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत, पॉझिटिव्ह राहा. दोघांचंही चुकतं, दुसऱ्याचं जरा जास्तच.

कोविडच्या पहिल्या वर्षात नैराश्य आणि चिंताविकारांचं जगभरातलं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. अनेकांनी ते ‘दर चौघांतला एक आजारी’ असं वाचलं. खरा अर्थ असा, की आधी शंभरात चौघांना आजार असेल तर आता पाच जणांना. म्हणजे बहुतेक माणसं घाबरली, चिडली, रडली आणि सावरली. जास्त फटका स्त्रियांना आणि तरुणांना बसला.

भीती विषाणूची असतेच, पण माणूस खचतो तो बाकीच्या गोष्टींनी. पगार थांबणं, शेवटचं दर्शन न मिळणं, विलगीकरणाची मुदत आयत्या वेळी वाढणं. २००३ च्या सार्सच्या साथीत टोरांटोमध्ये विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली. सुमारे २९ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाची लक्षणं होती, आणि जितके दिवस जास्त तितकी लक्षणं जास्त. त्यामुळे मुदत स्पष्ट सांगणं आणि बुडालेली मजुरी देणं हेही मानसिक आरोग्याचंच काम आहे. प्राणायामाने घरभाडं भरता येत नाही.

घरात सगळ्यात आधी बिघडते ती झोप. घरातच बसल्याने सकाळचा उजेड डोळ्यांत जात नाही, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप रात्री दोनला, जाग सकाळी दहाला, दुपारी परत डुलकी. मग लोक उपाय म्हणून नऊलाच आडवे होतात आणि तासन्‌तास कूस बदलत राहतात. अंथरूण म्हणजे तळमळ, हे मेंदूला पाठ होतं. झोपायची वेळ सोडा, उठायची धरा. सुट्टीच्या दिवशीही तीच. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उजेडात, बाहेर जाता येत नसेल तर खिडकीशी. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही (अंदाजानेच, घड्याळ बघत बसू नका) तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत पडा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, कारण पाचेक तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं. पहिले काही दिवस दिवसा डोळे मिटतात आणि बहुतेक जण तिथेच हा नाद सोडतात. तेवढे दिवस काढा.

दुसरं, सारखं तपासणं. लक्षण नसताना दर तासाला ताप आणि ऑक्सिजन मोजला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग शंका आणखी जोरात येते, कारण प्रत्येक तपासणीने मेंदूला ‘धोका आहे’ हेच शिकवलेलं असतं. आजारी असाल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा मोजा, एरवी यंत्र कपाटात. बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, अंथरुणात नाही.

एवढं करूनही भागत नसेल तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. ते निदान नव्हे, चाळणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच होते. म्हणून ‘त्रासच वाढला’ म्हणून लोक सोडून देतात. तसं करू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही एकदम बंद नाही. आणि दुसऱ्याला दिलेली झोपेची गोळी आपण घ्यायची नाही, यातल्या बऱ्याच गोळ्यांची काही आठवड्यांतच सवय लागते.

जवळचं कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ म्हणालं तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हटलं तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं घराबाहेर ठेवा, आणि सोबत जाऊन डॉक्टर गाठा.