फिल्टरचा दिवा परत लागला, त्याबद्दल

नमस्कार साहेब. "डीपीएफ साफ करायचे पैसे घेतले, सहा आठवड्यांत दिवा परत लागला, मग दोन इंजेक्टर माथी मारले. जुनी डिझेल गाडी पंधरा वर्षं कुरकुर न करता चालली होती," असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या खेपेला चूक आमचीच. स्कॅनरवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक दिसला, आम्ही तो साफ केला आणि गाडी दिली. एवढी काजळी येते कुठून, हे तेव्हाच बघायला हवं होतं. त्या कामाची मजुरी परत करतोय.

इंजेक्टरचं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांचं, मात्र पटत नाही. दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा तुमच्यासमोरच डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. ऑइल आपोआप वाढत नसतं. फिल्टरमधली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं, त्यासाठी गाडी स्वतःच जादा डिझेल मारते. तुमचा रोजचा फेरा दहा मिनिटांचा. जळणं अर्ध्यावर असतानाच चावी बंद होते, गाडी पुढच्या वेळी परत तोच खटाटोप करते, आणि त्यातलं थोडं डिझेल दर वेळी सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यात तुमचे दोन इंजेक्टर गळके. रिटर्न टेस्टला, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटल्यांत मोजतात तेव्हा, त्यांच्या बाटल्या बाकी दोघांच्या कितीतरी आधी भरल्या. त्याचा फोटो तुम्हाला त्याच दिवशी पाठवला होता.

जुन्या गाडीचा इंजेक्टर शंभर-दीडशे बार दाबाला उघडायचा, नॉझल (पुढचं तोंड) बदललं की काम झालं. आताच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, दाब 2000 बारपर्यंत जातो आणि भोकं केसाएवढी. डिझेलमध्ये जरा पाणी किंवा कचरा आला की संपलं. नवा बसवला तरी त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो. बिलात 'कोडिंग' लिहिलंय ते हेच. महाग आहे, नाही कशाला म्हणू? गाडी घेताना हे कोणी सांगत नाही, आणि शिव्या गॅरेजवाल्याला.

फिल्टरच काढून टाका, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तसं करून देणारे भेटतील, आम्ही करत नाही.

काढलेले दोन्ही इंजेक्टर तुमच्या गाडीचा नंबर टाकून ठेवलेत. घेऊन जा, डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या हव्या त्या माणसाकडे टेस्ट बेंचवर लावून बघा. ते चांगले निघाले तर इंजेक्टरचं पूर्ण बिल परत.