'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' म्हणजे फोन बंद पडला असं नाही

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसलं की कोणताच फोन लागत नाही, गाडी काढा अन् रेंज शोधा. हे चूक आहे, आणि जिवावर बेतू शकणारं आहे.

त्या ओळीचा अर्थ साधारणपणे असा, की तुमच्या कंपनीचं नेटवर्क मिळत नाही, पण जवळ दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर फोनला सापडला आहे. त्यावरून साधे कॉल होत नाहीत, 112 मात्र जाऊ शकतो. देवलापारच्या पुढे, पेंचच्या जंगलपट्ट्यात अपघात झाला, तर जखमी माणसाला तसंच ठेवून रेंज शोधत फिरण्याआधी 112 लावून पाहा. 'नो सर्व्हिस' दिसत असेल तेव्हा खरंच कोणताही टॉवर नसतो. तेव्हा जागा बदलावीच लागते.

अशा वेळी 108 का नको? रुग्णवाहिकेसाठी तो नंबर योग्यच आहे आणि रेंज असेल तर जरूर लावा. पण 112 हा मोबाईलच्या आंतरराष्ट्रीय मानकातच तातडीचा नंबर म्हणून ठरलेला आहे, त्यामुळे फोन त्याला वेगळी वाट देतो. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी तोच चालतो.

आणखी एक: फोन लॉक असला तरी लॉक स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी' बटणातून 112 लागतो. बेशुद्ध माणसाचा पासवर्ड विचारत बसू नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.