भिंतीत मेण ओतू नका!

"भिंतीत मेण भरा, एसी विकून टाका! घर बाराही महिने 24 अंशांवर, बिल 70 टक्के कमी, नासाचं तंत्रज्ञान." फॅमिली ग्रुपवरचा हा फॉरवर्ड मी सोडून देत होतो. पण नागपुरात घर बांधणाऱ्या माझ्या चुलतभावाने पोकळ ब्लॉक उतरवून घेतलेत आणि आता तो मेणाचा भाव काढतोय. मग बोलावंच लागतं.

सगळ्यात घातक ओळ ही: "महाग शीट नकोत, बाजारातलं मेण वितळवून ब्लॉकमध्ये ओता." अरे, मेणबत्तीचं मेण साधारण 55-60 अंशांना वितळतं. भिंत आतून तेवढी तापत नाही, म्हणजे ते वितळणारच नाही. आणि सगळा खेळ तर वितळण्याचाच आहे! वितळताना पदार्थ उष्णता पितो, थिजताना परत सोडतो. न वितळणारं मेण म्हणजे नुसता जळाऊ माल, तोही वायरिंगच्या पाइपांना खेटून. शॉर्टसर्किट झालं की काय होईल, ते मी सांगायला नको.

आता फॉरवर्डमधली ती 'महाग', 26 अंशांना वितळणारी खरी पीसीएम शीट घेऊ. पीसीएम म्हणजे वितळता-थिजताना उष्णता पिण्या-सोडण्यासाठीच बनवलेला पदार्थ. असा एक किलो पदार्थ साधारण 200 किलोज्यूल शोषतो. दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता बाहेर फेकतो, तेवढ्यासाठी असे 95 किलो हवेत. शिवाय ते रात्री थिजायला हवेत. नागपुरात मे महिन्यात रात्रीचा पारा 28च्या आसपास, भिंत त्याहून गरम. मग थिजणार कधी? रात्री गार असणाऱ्या गावात ही युक्ती चालते, हे मान्य.

नासा? 1971च्या अपोलो 15च्या चांद्रगाडीत बॅटरी-उपकरणं थंड ठेवायला मेण होतं, खरंय. त्यावरून दोन बीएचके थंड होत नाही.

उष्णता अडवायला छप्पर-भिंतींना थर्मोकोल लावतात, त्यावर फॉरवर्ड म्हणतो, "थर्मोकोलने घर कोंदतं." हेही अर्धंच. रात्री खिडक्या बंद ठेवल्या तर आतली उष्णता अडकते. मग खिडक्या उघडा की!

केंद्राची 2018ची 'इको निवास संहिता', म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, वाचा. छपरातून उष्णता शिरण्याची, म्हणजे यू-व्हॅल्यूची, मर्यादा तिथे 1.2 आहे, नुसत्या आरसीसी स्लॅबची याच्या दुपटीहून जास्त भरते. तेव्हा दादा, मेणाचे पैसे स्लॅबवर घाल: एक्सपीएस शीट (थर्मोकोलचाच घट्ट, टणक भाऊ), वर कोबा, त्यावर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे). आणि पोकळ ब्लॉक घेतलेच आहेस तर पोकळच राहू दे, आतली हवा फुकटात थोडंफार काम करते.