ॲपलाचियन स्टेटला या यादीतून काढा

ऑगस्ट संपत आला की आमच्या ॲन आर्बर-डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमचा सगळ्यात जिव्हारी लागलेला पराभव कुठला? यंदा गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू होता, तो तिथेच राहिला आणि सगळे २००७ वर घसरले. म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वर्षी नुसती लिंक चिकटवता येईल.

१ सप्टेंबर २००७. आम्ही देशाच्या क्रमवारीत पाचवे. समोर नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावचं ॲपलाचियन स्टेट, एक पायरी खालच्या गटात खेळणारं. ३४-३२ ने हरलो, तेही आमच्या लाखभर लोकांच्या स्टेडियममध्ये. शेवटच्या सेकंदांत आम्ही मारलेला फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडायचा, तीन गुण) त्यांच्या कोरी लिंचने अडवला. देशभर छी-थू झाली, सगळं मान्य. पण ही टीम लागोपाठ दोन वर्षं आपल्या गटाची विजेती होती आणि त्या मोसमात तिसऱ्यांदा झाली. त्यांच्या आर्मांटी एडवर्ड्सने आमच्या बचावाला अक्षरशः पळव पळव पळवलं. ते आमच्यापेक्षा चांगले खेळले आणि जिंकले. यात आपलं नाक कापलं गेलं, एवढंच. आपण ‘मोठे’ होतो आणि ते ‘छोटे’, म्हणून वीस वर्षं सुतक पाळायचं, हा शुद्ध माज आहे.

२००६ च्या, आमच्या कट्टर वैरी ओहायो स्टेटविरुद्धच्या मॅचबद्दल मी बोलत नाही. पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा, आदल्याच दिवशी आमचे जुने कोच बो शेम्बेक्लर गेलेले, आणि ४२-३९ ने हार. ज्यांनी बोंचा काळ पाहिलाय त्यांचा तो प्रांत.

आता २०१५, मिशिगन स्टेट, म्हणजे आमच्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ. तरुण मंडळींचं मत इथेच पडतं आणि मला ते पटतंही, निम्मं. १७ ऑक्टोबर, आम्ही २३-२१ ने पुढे, घड्याळात दहा सेकंद. फक्त पंट मारायचा, म्हणजे लाथेने चेंडू लांब भिरकावून द्यायचा आणि घरी जायचं. स्नॅप (मागे फेकलेला चेंडू) खाली आला, आमच्या ब्लेक ओनीलच्या हातून निसटला, उचलून मारायला गेला तर लोक अंगावर, आणि चेंडू उडाला तो थेट त्यांच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड धावला, टचडाउन (सहा गुण), वेळ संपली, २७-२३. जल्लोषात त्याच्या अंगावर त्याचीच टीम कोसळली आणि बिचाऱ्याचा खुबा निखळला! ओनीलने त्याच मॅचमध्ये ८० यार्डांचा पंट मारला होता, हे आज कुणाला आठवतं? उलट आमच्याच काही महाभागांनी त्याला सोशल मीडियावर इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की ॲथलेटिक डायरेक्टर जिम हॅकेट यांना जाहीर पत्र लिहावं लागलं. त्या पराभवातली लाज वाटण्यासारखी गोष्ट ती. बाकी तो निव्वळ दैवाचा फटका. आता आम्हीच पाहुण्यांना तो व्हिडिओ लावून दाखवतो.

माझं मत २०१६ ला. २६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, कोलंबस, पुन्हा ओहायो स्टेट. ते दुसरे, आम्ही तिसरे. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा खेळात) आम्ही २७-२४ ने पुढे, त्यांचा चौथा डाउन म्हणजे प्रयत्न, हवा एक यार्ड. (नवख्यांसाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, नाहीतर चेंडू गमवायचा. इथे गमावला असता तर मॅच आमची.) त्यांचा जे. टी. बॅरेट स्वतः चेंडू घेऊन घुसला, आमच्या डेलानो हिलने त्याला त्या यार्डाच्या रेषेवरच धरला. पंचांनी चेंडू ठेवला तो नेमका रेषेला टेकलेला. रीप्लेतही निर्णय कायम. पुढच्याच खेपेला त्यांचा कर्टिस सॅम्युएल १५ यार्ड पळत आत, टचडाउन. ३०-२७. पंचांवर बोलल्याबद्दल आमच्या तेव्हाच्या कोच हार्बॉची कानउघाडणी झाली आणि विद्यापीठाला दहा हजार डॉलर दंड.

ग्रुपवर एकाने लगेच शारजा काढलं, १९८६, मियाँदाद, शेवटचा चेंडू. अरे, शारजात निदान तो षटकार होता की नव्हता यावर तरी वाद नव्हता!

पण मला तो स्पॉट, म्हणजे पंचांनी चेंडू ठेवला ती जागा, छळत नाही. बॅरेट पोचला होता की नाही यावर मी आता तोंडही उघडत नाही. मला छळतात ते तिसऱ्या क्वार्टरमधले आमच्या बाजूचे १७-७. आम्ही चांगले खेळत होतो, बचाव भिंतीसारखा उभा होता. मग आमचे पास फेकणाऱ्या विल्टन स्पाइटच्या हातून गोल लाइनच्या तोंडाशी चेंडू सुटला. त्यांच्या मलिक हूकरने त्याचा एक पास पकडून आधीच थेट टचडाउन केलं होतं, आणि पुढे अजून एक पास त्यांच्या हातात पडला. त्या तीन चुका नसत्या तर ओव्हरटाइमच झाली नसती. पण त्यावर कुणी बोलत नाही, कारण पंचांवर खापर फोडणं सोपं. खापर फोडायची सोय असली की माणूस तीच जखम दरवर्षी खाजवत बसतो.

जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ ने हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो, तेव्हा वाटलं आता ही यादी बंद. २०२२ मध्ये टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) कडून हरल्याचं दुःख तर त्यात सहज विरघळलं. २०१६ चं नाही विरघळलं.

आता कोलंबसचा आमचा मित्र खाली येऊन त्या स्पॉटचा फोटो टाकणारच. टाक बाबा. सोबत १७-७ चा स्कोअरबोर्डही टाक.