आधी पांढरा बॉल थांबवा
पूल-स्नूकरवरच्या तुमच्या लेखातलं 'नवशिक्याने आधी स्पिन (बॉलला फिरकी देणं) शिकावा' हे काही पटलं नाही, भाऊ. जळगावला कॉलेजात असताना मी वर्षभर तेच केलं. पांढऱ्या बॉलला कडेला टिप, म्हणजे क्यूचं (काठीचं) टोक, मारली की तो रेषा सोडून उलट्या बाजूला सरकतो, हे माहीतच नव्हतं. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, म्हणजे रोज मीच!

शेवटी पार्लरवाल्या काकांनी एकच काम दिलं. सरळ शॉट, टिप मध्याच्या जरा खाली, आणि दुसऱ्या बॉलला धडकल्यावर पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे. दहातले आठ थांबेपर्यंत स्पिनचं नाव काढायचं नाही. मे महिन्यात घामाने क्यू बोटांना चिकटायचा, तरी पावडर लावून महिनाभर तेवढंच केलं. लेखात या शॉटवर एक ओळही नाही?